उंबरठ्याच्या आतली चप्पल

आमच्या घरात चप्पल उंबरठ्याच्या आत येत नाही. लग्न होऊन मी साताऱ्याच्या या घरात आले त्याला आता बावीस वर्षे झाली. एवढ्या काळात घराची कौले गेली, स्लॅब आला, शहाबादी फरशीच्या जागी चकचकीत टाइल्स आल्या, पण हा नियम जागचा हलला नाही. त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांनी माझी टाच दाबून पाहिली आणि यापुढे घरातही अनवाणी चालायचे नाही, सकाळी अंथरुणातून उतरताना पहिले पाऊलसुद्धा चपलेतच पडले पाहिजे, असे बजावले, तेव्हा मला दुखण्यापेक्षा सासूबाईंचीच जास्त काळजी वाटली. त्या रात्री जेवताना मी विषय काढला. ‘डॉक्टर म्हणतात ना, मग घाल. पण देवघराकडे फिरकायचं नाही,’ एवढे बोलून त्यांनी भात कालवायला घेतला. तहाची बाकीची कलमे ठरायला पुढे दोन महिने लागले.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षापासून धावते. साताऱ्यात धावणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पहाटे पाचला शाहू क्रीडासंकुलात, अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर, ‘चार भिंती’ या स्मारकाच्या रस्त्यावर माणसे दिसतात, आणि २०१२ मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाल्यापासून यवतेश्वरचा घाट पावसाळ्यात गुरांइतकाच धावणाऱ्यांचाही झाला आहे. शर्यत २१.१ किलोमीटरची असते. जाताना घाट चढायचा, वर कासच्या रस्त्यावर वळायचे आणि तोच घाट उतरून गावात परतायचे. मी बक्षीस मिळवणाऱ्यांतली कधीच नव्हते. किलोमीटरला पावणेसात मिनिटे हा माझा वेग, आणि धुक्यातून घाट चढताना खाली गाव दिसेनासे होते त्या वळणाची ओढ हे माझे कारण. शाळा, घर आणि मुलांच्या परीक्षा यांच्या मधे तेवढा एक तास असा होता, की त्यात मला कोणी काही विचारत नसे.

२०२२ च्या जूनमध्ये तीन गोष्टी एकदम घडल्या. त्या तिन्ही एकाच वेळी घडत आहेत हे गणिताची शिक्षिका असूनही माझ्या लक्षात आले नाही. पहिली गोष्ट म्हणजे शाळा नेहमीसारखी पूर्ण वेळ सुरू झाली. कोरोनाच्या दोन वर्षांत शाळा उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि माझे बहुतेक तास खुर्चीत बसून मोबाइलसमोर झाले होते. आता एकदम दिवसाला सहा तासिका फळ्यासमोर उभे राहणे आले. दुसरी गोष्ट म्हणजे घाटाच्या शर्यतीसाठी मी आठवड्याचे अंतर सहा आठवड्यांत २६ किलोमीटरवरून ४४ किलोमीटरपर्यंत नेले, आणि ती वाढ जवळजवळ सगळी चढावर केली. तिसरी गोष्ट म्हणजे मी नवीन बूट घेतले. जुन्या बुटांत टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच असे, नव्यांत फक्त ४. दुकानदार म्हणाला की पाय नैसर्गिक पडतो, आणि मलाही नैसर्गिक म्हटले की ते चांगलेच असणार असे वाटले. टाच ६ मिलिमीटर खाली गेली म्हणजे पोटरीला आणि टाचेमागच्या जाड शिरेला प्रत्येक पावलाला तेवढे अधिक ताणावे लागणार, हे साधे त्रिकोणाचे गणित आहे. नववीच्या मुलांना मी ते झोपेतही समजावून सांगेन.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पलंगावरून उतरले आणि उजव्या टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला, कोणीतरी दाभण खुपसल्यासारखी कळ आली. भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत गेले. परत येईतो कळ अर्धी झाली आणि चहा होईतो नाहीशी. या दुखण्याचा कावेबाजपणा इथेच आहे. ते विश्रांतीनंतर दुखते आणि चालू लागले की विरते. धावायला गेले तर पहिला किलोमीटर लंगडा, दुसरा बरा आणि तिसऱ्यापासून काहीच नाही, त्यामुळे मी मोठ्या विश्वासाने असा निष्कर्ष काढला की धावण्यानेच हे बरे होते आहे. धावून आल्यावर पेपर वाचायला अर्धा तास बसले आणि उठले की दाभण पुन्हा जागच्या जागी. असे मी सहा आठवडे काढले. त्या सहा आठवड्यांची किंमत मी पुढचे दीड वर्ष फेडत होते.

एका रविवारी, धावणे बंद झाल्यावर, हातात वेळ होता म्हणून हिशेब मांडला. मिनिटाला माझी साधारण १६५ पावले पडतात. किलोमीटरला पावणेसात मिनिटे धरली तर एका किलोमीटरला सुमारे १,११४ पावले होतात आणि २१.१ किलोमीटरला साडेतेवीस हजार. त्यांतली निम्मी उजव्या पायाची, म्हणजे पावणेबारा हजार. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून पायात उलटून येतो. माझे वजन ५८ किलो. हा गुणाकार वहीत करून पाहिला आणि आलेल्या संख्येकडे बराच वेळ पाहत बसले. टाच दुखली याचे नवल वाटेनासे झाले. सहा वर्षे ती दुखली नाही याचेच नवल वाटू लागले.

डॉक्टरांनी टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबले. तसे दाबल्यावर दुखले असते तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका त्यांना आली असती. तळव्याला मुंग्या येतात का, सकाळी पाठ आखडते का, दोन्ही टाचा दुखतात का, असेही त्यांनी विचारले, कारण टाचदुखीच्या नावाखाली कधी नसेचे, तर कधी सांध्यांच्या वाताचे दुखणे लपलेले असते. मग अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेशी एका बिंदूवर दाबले आणि मी खुर्चीवरून उठलेच. प्लांटर फॅसायटिस, ते म्हणाले, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्यातल्या चिवट पट्ट्याचे दुखणे. सोनोग्राफीत तळव्याच्या त्या पट्ट्याची जाडी टाचेपाशी ५.२ मिलिमीटर भरली. ४ च्या वर गेली की जाड म्हणतात. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला पुढे आलेले लहानसे टोकही दिसले, आणि घरी आल्यावर त्या टोकानेच सगळे बिघडवले.

कारण आमच्याकडे टाच दुखली की तिचे निदान ठरलेले असते: हाड वाढलंय. शेजारच्या काकूंचे वाढले होते, शाळेतल्या शिपाईमामांचे वाढले होते, आता माझेही वाढले. एक्स-रे पाहून सगळ्यांना समाधान वाटले, कारण दुखण्याला काहीतरी बोट दाखवता येईल असे मिळाले. डॉक्टरांनी मात्र त्या टोकाकडे फारसे लक्ष दिले नव्हते. असे टोक टाच मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेमध्ये सापडते, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये सापडत नाही. शिवाय बहुतेकदा ते त्या पट्ट्यात नसतेच. त्याच्या वरच्या थरात, बोटे वाकवणाऱ्या लहान स्नायूच्या मुळाशी असते. मी हे घरी सांगितले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि संध्याकाळी परसातून रुईची पाने तोडून आणली.

रुईचा उपाय ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. विटेचा तुकडा चांगला तापवायचा, त्यावर रुईचे पान ठेवायचे, पानावर टाच सोसेल तेवढी दाबायची, पान करपले की दुसरे ठेवायचे. पाने तोडताना चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. सासूबाई माझ्यासमोर पाटावर बसून पाने बदलत आणि मी खुर्चीत बसून टाच शेकत असे. त्यानंतर काशाच्या वाटीने तळव्याला तेल चोळले जाई. याने हाडाचे टोक विरघळत नाही, पट्ट्याची जाडी कमी होत नाही. पण उबेने पोटरी सैल पडे आणि त्या रात्रीपुरते बरे वाटे, आणि मला तेवढ्यासाठीही तो उपाय टाकवला नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘वातकंटक’ नावाचे दुखणे सांगितले आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने पायात होणारी ती वेदना आणि आजची टाचदुखी एकच, असे ठामपणे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण टाचेत काटा आहे ही भावना मात्र फार जुनी दिसते.

ऑगस्टमध्ये मी धावणे पूर्ण बंद केले. शर्यतीत नाव नोंदवलेले होते, ते गेले. धावणारा माणूस विश्रांती घेतो तेव्हा ती फार आदळआपट करीत घेतो, आणि मीही तशीच घेतली. पण सकाळचे पहिले पाऊल काही सुधारेना. मग गौरी आल्या. गौरीपूजनाच्या दिवशी पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंत मी ओट्यासमोर उभी होते. पुरण, कटाची आमटी, भाज्या, कोशिंबिरी, आणि नैवेद्याचा स्वयंपाक असल्यामुळे अर्थातच अनवाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलंगावरून उतरताच येईना. जवळजवळ तीन आठवडे मी एक पाऊलही धावले नव्हते, आणि तरी आजवरचे सर्वांत वाईट दुखणे त्या सकाळचे होते. तिथे कुठेतरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आतापर्यंत फक्त धावलेल्या किलोमीटरचा हिशेब ठेवीत होते, आणि टाच मात्र सगळ्या दिवसाचा ठेवीत होती. सहा तासिका, भाजीबाजार, ओट्यासमोरचे तीन तास, बसस्टॉपवरचे ताटकळणे, सगळे तिच्या खात्यात जमा होत होते. मी धावण्याची रक्कम काढून घेतली, तरी बाकीची रक्कम तशीच राहिली होती, आणि कमकुवत झालेल्या पायाला आता तीसुद्धा जड जात होती.

लंगडत स्वयंपाकघरात गेले तेव्हा सासूबाई निर्माल्य आवरत होत्या. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, ‘मलाही झालं होतं. अठ्ठ्याऐंशी साली. दोन वर्षं होतं.’ मी कधी ऐकले नव्हते. माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हते. १९८८ मध्ये या घरात ओटा झाला. त्याआधी चूल, मग स्टोव्ह, मग जमिनीवरच ठेवलेला गॅस, आणि स्वयंपाक पाटावर बसून. कणीक बसून मळायची, भाजी विळीवर बसून चिरायची, पोळ्या बसून लाटायच्या. ओटा ही सोय होती, गल्लीतल्या बायका तो पाहायला आल्या होत्या. ‘ओटा झाला आणि मी उभी राहिले, ती अजून उभीच आहे,’ त्या म्हणाल्या. शहाबादी फरशीवर, अनवाणी, दहा माणसांचा स्वयंपाक, वय चाळीस. वर्षभरात दोन्ही टाचा धरल्या. रुईची पाने आणि वीट तेव्हापासूनची. मी विचारले, कुणाला सांगितले नाही का? ‘सांगायचं काय त्यात? टाचच तर होती.’

आज कोणत्याही डॉक्टरांना विचारा, या दुखण्याचे ठरलेले दोन वर्ग ते सांगतील. एक धावणारे, आणि दुसरे कठीण जमिनीवर तासन्‌तास उभे राहणारे मध्यम वयाचे लोक. माझ्या बुटांची किंमत, घड्याळावरचे आकडे, धावण्याच्या गटातल्या मित्रमैत्रिणींची सहानुभूती हे सगळे पहिल्या वर्गाचे असते. त्या वर्गाची टाच दुखते तेव्हा तिला खेळाडूची दुखापत म्हणतात. दुसऱ्या वर्गाच्या टाचेला काही म्हणत नाहीत. त्या सकाळी मला याची लाज वाटली हे लिहायला हवे, आणि मी स्वतः अर्धी त्या दुसऱ्या वर्गातलीच होते हेही.

ऑक्टोबरमध्ये मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची ती मुलगी होती आणि तिने आधी मला माझाच पाय शिकवला. पाय जमिनीवर ठेवायला सांगून तिने माझा अंगठा वर उचलला. तसे करताच तळव्याची कमान आपोआप उंचावली. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा ताणून बसवलेला असतो. अंगठा वर वळला की तो बोटांच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो, आखूड होतो आणि कमान उचलून धरतो. रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसे. ब्रिटनमधील जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये हे कार्य मांडले, तेव्हा त्यांनीही उपमा रहाटासारख्या यंत्राचीच दिली. प्रत्येक पावलाच्या शेवटी, टाच उचलली जाऊन अंगठ्यावर भार येतो तेव्हा, हा रहाट एकदा फिरतो आणि त्याचा सगळा ओढ टाचेवरच्या त्या एका बिंदूवर येतो. घाट चढताना घोटा अधिक वाकतो, पोटरी अधिक ताणते आणि दोर अधिक कसला जातो. माझ्या उजव्या पायाने त्या जूनमध्ये असे किती रहाट ओढले असतील, ते मी आधीच वहीत मांडून ठेवले होते.

सकाळच्या कळीचा उलगडाही तिथेच झाला. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पोटरी आणि तळवा आखडून राहतात आणि पहिल्या पावलाला आखडलेला दोर एकदम ताणला जातो. म्हणून उठण्याआधी पलंगावरच पाय मांडीवर घ्यायचा, बोटे हाताने मागे ओढायची, दहा अंक मोजायचे आणि हे दहा वेळा करायचे. मी ते आजही करते.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती दुखण्याच्या नावाबद्दल होती. ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या लेमॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले अशा पट्ट्यांचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना दाह नव्हे, तर झीज दिसली. तंतू विस्कटलेले, दुरुस्ती अर्धवट. हे ऐकल्यावर माझा सगळा दृष्टिकोन बदलला. सूज असती तर बर्फ आणि विश्रांती पुरेशी होती. पण झिजलेला दोर नुसता खुंटीला टांगून ठेवला तर तो मजबूत होत नाही. जिवंत ऊतीला, बेताने आणि वाढत्या प्रमाणात, भार द्यावा लागतो. तेव्हा ती त्या भाराच्या मापाची होते.

भार कसा द्यायचा याची रीत डेन्मार्कमधल्या एका अभ्यासातून आली होती. त्यात ४८ रुग्ण होते आणि नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा भार उचलणाऱ्यांची टाच तीन महिन्यांनी अधिक सुधारलेली होती. वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच झाले होते, हेही त्या मुलीने लपवले नाही, आणि त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसला. रीत अशी होती. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे अंगठा वर वळतो आणि रहाट कसला जातो. तीन सेकंद वर जायचे, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली यायचे. असे बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी वजन वाढवून दहाच्या चार फेऱ्या, आणखी दोन आठवड्यांनी अधिक वजनाने आठच्या पाच. वजन पाठीवरच्या पिशवीत घालायचे. माझ्याकडे वजनांचा तुटवडा नव्हता. सहामाहीचे न तपासलेले पेपर होते. पहिल्या दिवशी एका तुकडीचे गठ्ठे घेतले, तीन किलो भरले. जानेवारीपर्यंत पिशवी अकरा किलोंवर गेली, त्यात पेपर संपून पाठ्यपुस्तके आणि शेवटी जात्याची खुंटी काढलेली वरची पाळू भरायचा विचारही आला होता, पण नवऱ्याने तो हाणून पाडला.

दुखत असताना भार द्यायचा म्हणजे नेमके किती दुखू द्यायचे, हा प्रश्न सर्वांत अवघड होता. मोजपट्टी तिने सोपी दिली. शून्य ते दहामध्ये तीनपर्यंत दुखले तर चालेल, आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलाचा. ते आदल्या दिवसापेक्षा वाईट नसेल तर कालचा भार बरोबर होता. मी हजेरीपटासारखी वही घातली. तारीख, तासिका, ओट्यासमोरचा वेळ, व्यायाम आणि सकाळचा आकडा. ऑक्टोबरात आकडे सहा आणि सात होते. डिसेंबरात चार. संक्रांतीच्या आसपास एकदा दोन आला आणि त्या आनंदात मी हळदीकुंकवाला उघड्या पायांनी चार घरे फिरले, तो पुन्हा पाच झाला. ही वही चाळताना एक गोष्ट कळते, ती अशी की रेघ कधीच सरळ उतरत नाही. महिन्याच्या सरासऱ्या काढल्या तरच ती उतरताना दिसते, आणि आठवड्याच्या आकड्यांकडे पाहणाऱ्याचा धीर खचतो.

बाकीच्या उपायांवर फार लिहीत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवली, चेंडू फिरवला, सिलिकॉनची टाच बुटात घातली, चिकटपट्ट्या बांधल्या. प्रत्येकाने थोडे बरे वाटले, कशानेच बरे झाले नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा मोह मात्र खरा होता, कारण ओळखीतल्या एकाला त्याने आठ दिवसांत आराम पडला होता. डॉक्टरांनी नीट समजावले की आराम काही आठवड्यांचा असतो, आणि त्या बदल्यात पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याची जोखीम थोडी का होईना असतेच. ती गादी नुसती चरबी नसते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत कोंडलेली असल्यामुळेच ती धक्का सोसते, आणि एकदा झिजली की तिला पुन्हा भरून आणणारे औषध नाही. मी इंजेक्शन घेतले नाही. ज्यांनी घेतले त्यांना मी दोष देणार नाही. सकाळच्या सातच्या आकड्याने माणूस काय काय कबूल करील ते मला माहीत आहे.

शाळेत मात्र बदल करावे लागले, आणि ते करायला मी उगाचच संकोचले. दोन तासिका खुर्चीत बसून घेऊ लागले आणि मुलांना फळ्याकडे पाठवू लागले. एकदा वर्गात शिरताना एक मुलगा माझ्या लंगडण्याची हुबेहूब नक्कल करीत होता. मला पाहताच तो थिजला. मी म्हटले, ‘चूक आहे. बाई उजव्या पायाने लंगडतात, तू डावा केलास.’ त्यानंतर वर्षभर तोच मुलगा तास सुरू होण्याआधी खुर्ची फळ्याजवळ आणून ठेवत असे.

मराठीत टाच आणतात ती मालमत्तेवर, आणि टाच मारतात ती घोड्याला. एकीने सगळे ठप्प होते, दुसरीने घोडा उधळतो. त्या वर्षी मला या दोन्ही अर्थांच्या मधली जागा शोधायची होती. मार्चमध्ये क्रीडासंकुलाच्या सपाट धावपट्टीवर, जुन्या १० मिलिमीटरच्या बुटांत, एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे दहा वेळा केले. आयुष्यातल्या कोणत्याही हाफ मॅरेथॉनपेक्षा त्या दहा मिनिटांची मला जास्त धास्ती होती. दुसऱ्या दिवशीचा आकडा दोन होता. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटे केली. सलग पाच किलोमीटर धावायला जून उजाडला, आणि चढ मी सगळ्यांत शेवटी, दिवाळीनंतर घेतला. यवतेश्वरच्या पहिल्या दोन वळणांपर्यंतच जायचे आणि उतरताना चालायचे, असा तह होता. आज माझे आठवड्याचे अंतर अठरा-वीस किलोमीटर आहे. घाटाची शर्यत मी त्यानंतर धावलेली नाही. त्या दिवशी पाणी वाटायला उभी राहते, बुटांत, आणि मधूनमधून बसून.

चपलेचा तह शेवटी असा ठरला. घरातली चप्पल वेगळी, रबरी, जाड तळव्याची, कधीही उंबरठ्याबाहेर न गेलेली आणि दर शनिवारी धुतलेली. देवघरात नाही, श्राद्धाच्या स्वयंपाकात नाही, गौरी-गणपतीत नाही. सासूबाईंसाठीही मी एक जोड आणला. तो त्यांनी पिशवीसकट कपाटात ठेवला आणि अजून तिथेच आहे. त्याऐवजी एके दिवशी माळ्यावरून त्यांनी दोन पाट आणि विळी काढायला लावली. ‘उभं राहून काय चिरतेस? बस खाली,’ त्या म्हणाल्या. तेव्हापासून भाजी निवडणे, चिरणे, कणीक मळणे हे सगळे आम्ही खाली बसूनच करतो. वहीत ओट्यासमोरच्या वेळेचा रकाना तीन तासांवरून सव्वा तासावर आला आहे.

काल संध्याकाळी दोघींनी मिळून दोन किलो वाल सोलले. काम झाल्यावर उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि मी ओट्याच्या कडेचा. उभ्या राहिल्यावर दोघीही क्षणभर तिथेच थांबलो. त्या म्हणाल्या, ‘तू टाक आधी.’ मी पाऊल टाकले. ‘किती?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘एक. तुमचं?’ त्यांनी उत्तर दिले नाही. वालांची परात उचलून त्या हळूहळू ओट्याकडे गेल्या.